रंग खरवडण्याआधी

पुणे, ९ जून

प्रिय सुरेश,
स. न. वि. वि.

रक्तातल्या शिशाचा रिपोर्ट आला. आकडा ३४. फोनवर तू "म्हणजे पास की नापास?" असं विचारलंस आणि नेमकी तुमच्याकडची रेंज गेली, म्हणून हे पत्र. शिवाय मागून वहिनींचं बोलणं अर्धवट कानावर पडलं, की गणपतीच्या आधी दारं-खिडक्यांचा जुना रंग जाळून काढायचा आहे आणि प्राजू पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. या दोन गोष्टी एका घरात एका वेळी होता कामा नयेत. का ते पुढे सांगतोच, आधी माझं ऐक.

३४ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३४ मायक्रोग्रॅम शिसं. शरीराला शिशाचा काडीइतकाही उपयोग नाही, त्यामुळे साखरेसारखी 'इतकं ते इतकं नॉर्मल' अशी भानगडच नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ किंवा त्याच्या वर दिसलं की कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा. अमेरिकेत लहान मुलांसाठी ही रेघ २०२१ मध्ये साडेतीनवर आणली. तेव्हा मी सणसणीत नापास. पण लगेच अ‍ॅडमिट करण्याइतकाही नाही. जुन्या बॅटऱ्या वितळवणारी माणसं याच्या दुपटीवर असतात आणि तरी कामावर जात असतात, असं डॉक्टर म्हणाले. मला धीर द्यायला म्हणाले असावेत, पण मला काही त्यातून धीर आला नाही.

तुला माहीत आहे, गेलं वर्षभर माझं पोट ठिकाणावर नव्हतं. मधूनच पिळवटून यायचं, मग दोन-दोन दिवस साफ नाही. त्याला आधी अ‍ॅसिडिटी म्हटलं, मग टेन्शन म्हटलं. सोनोग्राफी झाली, त्यात काही नाही. हिमोग्लोबिन कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या. बीपी वाढलं, त्याची गोळी. सांधे दुखतात म्हटलं तर "साठी जवळ आली काका" हे उत्तर. चिडचिडीबद्दल सुनीताला विचार, ती स्वतंत्र पत्र लिहील. प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी मिळाली, पण हा माणूस दिवसभर हातांनी काय करतो, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. मी म्हटलं, वाडे पाडले की त्यांची दारं, चौकटी, गणेशपट्ट्या विकत घेतो, रंग काढून सागवान उघडं करतो, पॉलिश करून विकतो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रंग कसा काढता?" म्हटलं, ब्लो लॅम्पनं जाळायचा, पत्रीनं खरवडायचा, मग काचपेपर. "मास्क?" म्हटलं, रुमाल. मग माझ्याकडून दोन्ही हात पुढे धरून मनगटं वर उचलून घेतली, कारण शिशानं मनगटाच्या नसा लुळ्या पडतात आणि रंगाऱ्यांमध्ये हा प्रकार पूर्वी पुष्कळ असायचा. नंतर ओठ खाली ओढून टॉर्चनं हिरड्या बघितल्या. दातांच्या कडेनं निळसर-काळी रेघ दिसते का, ते बघत होत्या. नव्हती. त्यांनीच सांगितलं की रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली डॉक्टरांना लिहून ठेवलंय, रोग्याला आणखी एक प्रश्न विचारत जा, तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली, आपल्याकडे केसपेपरवर अजून त्याला रकाना नाही.

आणखीही बरंच विचारलं. डोळ्यांत सुरमा घालता का, कुठली भस्मं घेता का (नागभस्म म्हणजे शिशाचंच), हळद सुटी घेता का, भांड्यांना कल्हई कुणाकडून करता. सुट्या हळदीत रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट मिसळतात आणि कल्हईच्या कथलातही शिसं असू शकतं. सगळ्याला मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग रंगच.

तपासणी अगदी साधी. उपाशीपोटी जावं लागत नाही. दंडाच्या शिरेतून रक्त काढतात, फक्त नळी वेगळी, गडद निळ्या टोपणाची, आतून धातूचा अंश नसलेली. बोटाला टोचून करायची तपासणीही असते, पण माझ्यासारख्याच्या बोटावरच शिशाची धूळ बसलेली, त्यामुळे तिच्यात आकडा उगाच फुगू शकतो. लॅबमधली मुलगी मला सगळ्या जड धातूंचं मोठं पॅकेज घ्या म्हणून मागे लागली होती. घेऊ नकोस. चिठ्ठीवर 'रक्तातील शिसे' एवढंच होतं, तेवढंच केलं, दीड हजाराच्या आत काम झालं. नमुना मुंबईला जातो, म्हणून रिपोर्टला थोडे दिवस लागतात. एका शेजाऱ्यानं कुठल्यातरी 'डिटॉक्स'वाल्याचा पत्ता आणून दिला. तो आधी औषध पाजून शिसं लघवीत उतरवतो आणि मग लघवी तपासून घाबरवतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या आकड्याला काही अर्थ नाही, औषध घेतल्यावर कुणाचाही वाढेल.

आता हे शिसं रंगात आलं कुठून? मागच्या खेपेला वर्कशॉपमध्ये तू जी नारायण पेठेतली चौकट बघितलीस, तिचा एक टवका माझ्यासमोर आहे. नखाएवढा. कडेनं बघितला तर थर मोजता येतात. वर क्रीम, त्याखाली चॉकलेटी, मग आकाशी, मग तो आपल्या आजोळच्या दारांचा गर्द हिरवा, पुन्हा हिरवा, आणि तळाशी लाकडाला चिकटलेला पांढरा. तळाचा पांढरा बहुधा सफेदा, म्हणजे जवसाच्या तेलात खललेलं शिशाचंच संयुग. टिटॅनियमचा पांढरा रुळायच्या आधी तोच चालायचा. जुन्या ऑइल पेंटचा हिरवा क्रोम येलो आणि प्रशियन ब्ल्यू मिसळून करत, आणि क्रोम येलो म्हणजे लेड क्रोमेट. लोखंडी गजांना पहिला हात शेंदराचा, तोही शिशाचा. शिवाय रंग लवकर वाळावा म्हणून घालायची द्रव्यं, त्यांतही शिसं. म्हणजे कुठलाही थर खरवड, पदरात तेच.

भिंतीवर गप बसलेला रंग काही करत नाही. त्याची धूळ झाली की तो नाकात जातो आणि जाळला की वाफ होऊन फुफ्फुसात. म्हणजे ज्या दोन रीतींनी आमच्या धंद्यात सगळे रंग काढतात, त्याच दोन सर्वांत वाईट. अमेरिकेनं घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद केला. आपल्याकडे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर शिसं घालायला बंदी आली. त्याआधीची मर्यादा होती, पण ऐच्छिक. त्यामुळे २०१७ पूर्वीचा कुठलाही ऑइल पेंट मी आता शिशाचाच धरून चालतो.

माझ्यापेक्षा मला संतोषची काळजी लागलीय. माझ्याकडे कामाला लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता चार वर्षांची मुलगी आहे त्याला. दिवसातून पाच-सहा वेळा हातातली पत्री बाजूला ठेवून तो तळव्यावर तंबाखू आणि चुना घेतो, अंगठ्यानं मळतो, थाप मारतो आणि गाल फुगवतो. हाताच्या रेषांत हिरवी-पांढरी भुकटी भरलेली असते, ती सगळी चुन्याबरोबर आत. संध्याकाळी त्याच कपड्यांत घरी, आणि पोरगी धावत येऊन गळ्यात पडते. मी दोघांचीही तपासणी करून घेतली. तो यायला तयार नव्हता. "मला काय झालंय? आणि पोरीनं कधी रंगाला हात तरी लावलाय का?" त्याचा आकडा ४१ आला. पोरीचा १२.

१२ माझ्या ३४ च्या मानानं किरकोळ वाटतो ना? मलाही वाटला. पण मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं दहा टक्क्यांच्या आसपास अंगी लागतं, लहान मुलाच्या निम्म्यापर्यंत. त्यातून पोर लोह-कॅल्शियमला कमी असेल तर आणखी, कारण शरीर त्यांच्या जागी शिसंच उचलतं. आणि मेंदू घडत असतो नेमका त्याच वयात. किती शिसं मुलांना चालतं, याची सुरक्षित पातळी आजवर कुणाला सापडलेली नाही. युनिसेफनं २०२० मध्ये हिशेब मांडला होता, जगात तीनातलं एक मूल ५ किंवा त्याच्या वर आहे. तिला औषध दिलेलं नाही. शिसं बाहेर काढायचं औषध लहान मुलांना ४५ पासून पुढे देतात. तिचा इलाज म्हणजे बापाचे कपडे. आता वर्कशॉपमध्ये मोरी बांधून घेतलीय. संतोष तिथेच अंघोळ करतो, कामाचे कपडे तिथेच राहतात, तिथेच वेगळे धुतले जातात. पोरीला लोहाचं औषध सुरू आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त. आणि तंबाखू? ती सुटलेली नाही. पण आता साबणानं हात धुऊन मळतो, एवढ्यावर तह झालाय.

मलाही औषध नाही. खरवडणं बंद, कॅल्शियम, लोह, दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, असं मी ऐकून खूश झालो होतो. पण मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत जाऊन बसतं, तिथे वीस-वीस, तीस-तीस वर्षं मुक्काम करतं आणि थोडं-थोडं रक्तात सोडत राहतं. त्यामुळे माझ्यासारख्या मुरलेल्याचा आकडा रेंगाळत उतरणार. त्यात आपल्या पिढीच्या हाडांत पेट्रोलचंही असणारच. २००० सालापर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये शिसं होतं. तुझ्या त्या काळ्या धुराच्या स्कूटरवर मागे बसून मी किती हिंडलोय, त्याचं बिल पाठवीन म्हणतो.

आता प्राजूचं. गरोदरपणात बाळासाठी कॅल्शियम लागतं, ते आईच्या हाडांतून सुटतं आणि त्याबरोबर साठलेलं शिसंही सुटतं. वारेतून ते थेट बाळाकडे जातं, वार ते अडवत नाही. त्यात घरात जाळलेल्या रंगाची नवी धूळ नको. तेव्हा रंगाऱ्याला उद्याच थांबव. भिंतींचं बिनधास्त कर, तुमच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या चुन्याच्याच आहेत. प्रश्न फक्त लाकडाचा आणि गजांचा. ओटीवरचा हिरवा कठडा, माजघराच्या खिडक्या, देवघराचं दार. जिथे रंग घट्ट आहे तिथे खरवडूच नका, पाण्यात पॉलिश पेपर बुडवून हलका हात मारा, पुसून घ्या आणि वरून नवा रंग द्या. जिथे पापुद्रे सुटलेत तिथे पाण्याचा फवारा मारत ओलं ठेवून काढा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खोलीचं दार बंद. नंतर झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. रंगाऱ्याला रुमालावर ठेवू नका, त्यातून हे सगळं आत जातं. पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा मास्क मी इथून पाठवतो, तो घालायला लावा. आणि हे सगळं प्राजू यायच्या आधी होत नसेल तर पुढच्या वर्षी करा. गणपती जुन्या कठड्यामागेही बसतील.

एक गोष्ट वहिनींना नीट समजावून सांग, कारण मागे मी तुमच्याकडे स्वतः पाहिलंय. जुन्या खिडक्यांची मोडकी फळकुटं मागीलदारी रचून ठेवली होती, बंबात घालायला. रंगवलेलं लाकूड बंबात अजिबात नको, चुलीतही नको. धुरात शिसं, राखेत शिसं, आणि त्याच राखेनं तुमच्याकडे भांडी घासतात आणि तीच अळवाच्या वाफ्यात टाकतात. ती फळकुटं पोत्यात बांधून ठेव, मी येईन तेव्हा बघू.

प्राजूच्या डॉक्टरांना तिच्या पुढच्या रक्ततपासणीत हीही घालता येईल का, विचार. तिचं लहानपण त्याच कठड्याचे पापुद्रे नखांनी काढण्यात गेलंय. रक्त एरवी काढणारच आहेत, एक नळी जास्त. आणि सुरेश, तू स्वतःही कर. दर दोन वर्षांनी मे महिन्यात होडी खरवडून शेंदूर लावणारा तूच ना?

मी २० तारखेच्या सुमारास येतोय, कोल्हापूरहून एक दार आणायचंय, तसाच खाली उतरेन. मास्क आधी कुरियरनं येतील. रंगारी ऐकत नसेल तर त्याचा नंबर कळव, मी बोलतो त्याच्याशी. त्याचीही पोरं असतीलच.

वहिनींना नमस्कार, प्राजूला आशीर्वाद.

तुझा,
अरुण

ता. क. मास्क तीन पाठवतोय. त्यातला एक होडीसाठी.