गाडी मातीत नेली म्हणून वॉरंटी नाही, मग फोर-बाय-फोर विकता कशाला?

प्रति,
कस्टमर केअर हेड आणि वॉरंटी विभाग

विषय: ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा भाग) शिफ्ट मोटरचा, म्हणजे टू-व्हील आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्ये बदल करणाऱ्या मोटरचा, वॉरंटी क्लेम रिजेक्ट केल्याबद्दल

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय. तुमच्याकडे माझी तक्रार "क्लोज" झालीय म्हणे. मी क्लोज केलेली नाही, मला विचारून पण केलेली नाही, आणि कारण लिहिलंय "रॅली आणि ऑफरोडिंगमध्ये गाडीचा गैरवापर". गैरवापर हा शब्द तुमच्या माणसाने फोनवर इतक्या वेळा वापरला की शेवटी मी त्याला म्हटलं एकदा तरी सांगा मी नक्की काय गैर केलं, तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आता लेखी.

गाडी कुठली, व्हेरिअंट कुठला, ती मोटर कुठे बसते हे तुम्हाला मी सांगायला नको, बनवलीय तुम्ही. चेसिस नंबर सोबतच्या ईमेलमध्ये आहे. मुद्दा एवढाच आहे की फोर-लो, म्हणजे चारही चाकांना हळू वेगात जास्त जोर देणारा मोड, लागत नाही ही तक्रार मी रॅलीच्या कितीतरी आधी नोंदवलेली आहे. उन्हाळ्यातल्या सर्व्हिसचं जॉब कार्ड काढून बघा, तुमच्याच ॲडव्हायझरच्या अक्षरात लिहिलंय, "फोर-लो कधीकधी एंगेज होत नाही, लाइट ब्लिंक होतो". त्यावर त्यांनी काय केलं तर गाडी वर्कशॉपच्या सपाट फरशीवर उभी करून नॉब एकदा फिरवला, लाइट लागला, आणि मला सांगितलं, ओके आहे मॅडम. मी म्हटलं अहो कधीकधी होतं म्हणतेय ना, जरा चढावर घेऊन बघा, स्कॅनर लावून बघा. तर म्हणे गरज नाही, परत झालं तर या. परत झालं. आलो. आता म्हणताय वॉरंटी नाही.

रॅलीबद्दल तुमच्या वॉरंटी विभागाला काही माहिती आहे असं त्यांच्या उत्तरावरून वाटत नाही म्हणून सांगते. ही टीम रॅली होती, एका टीममध्ये दोन गाड्या, दोन्हींचे पॉइंट एकत्र मोजतात. आमची एक गाडी मी चालवत होते आणि नणंद नॅव्हिगेटर, दुसरी माझ्या दिराची जुनी गाडी आणि त्याचा मित्र. पहिला दिवस टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर करत माणगाव. हातात रोड बुक, त्यात प्रत्येक वळणाचं बाणाचं चित्र आणि किलोमीटर, आणि प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला. घाटात ३० च्या आसपास, सरळ रस्त्यावर थोडा जास्त. वाटेत लपवलेले टाइम कंट्रोल असतात, उशिरा पोचलात तरी पेनल्टी आणि लवकर पोचलात तरी पेनल्टी. म्हणजे इथे जोरात पळवणारा हरतो! तुमच्या वॉरंटी बुकलेटमध्ये "रेसिंग व वेगाच्या स्पर्धा" असं लिहिलंय. ज्या स्पर्धेत वेगमर्यादेच्या आत राहून सेकंदाच्या हिशोबाने चालवावं लागतं आणि माझी नणंद शेजारी बसून सतत "हळू, चार सेकंद पुढे आहोत" म्हणत होती ती वेगाची स्पर्धा कशी झाली? आणि तो सगळा दिवस गाडी टू-व्हील ड्राइव्हवर होती. डांबरी रस्त्यावर फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकं चालवणारा मोड, लावायचं नसतं, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर ताण येतो, हे मला माहिती आहे. तरी तुमच्या ॲडव्हायझरने पहिला प्रश्न हाच टाकला, "मॅडम तुम्ही हायवेला फोर-हाय लावून ठेवलं असेल". नाही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफरोड. ही रचना पण समजून घ्या. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज झाली, मूळची मलेशियातली, तिथे गाड्यांना विंच, स्नॉर्कल, मोठे टायर सगळं लावलेलं असतं, मी त्या लेव्हलचं काही केल्याचा दावा करत नाहीये. आमचा होता स्टॉक क्लास. कंपनीने दिली तशी गाडी, एकही बदल नाही, टायर पण तुम्ही दिलेलेच. अडथळे सोपे ते मध्यम. वेग म्हणाल तर चालत जाणारा माणूस पुढे जाईल, कारण दोरीला किंवा खुंटाला गाडी लागली की पॉइंट जातात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या इव्हेंटचा मेसेज मला मिळाला तो तुमच्याच डीलरच्या ओनर्स ग्रुपवर! "आपल्या गाडीची खरी ताकद अनुभवा" असं लिहून, ओनर्सना एंट्री फीमध्ये सवलत देऊन. स्टार्टच्या कमानीवर तुमच्या डीलरचा बॅनर होता आणि त्यांचा सेल्सचा माणूस तिथे टोप्या वाटत होता. स्क्रीनशॉट आणि फोटो दोन्ही जोडलेत. ज्या इव्हेंटला तुम्ही बोलावलं त्या इव्हेंटला गेले म्हणून तुम्ही वॉरंटी नाकारताय. हे वाक्य परत एकदा वाचा प्लीज.

झालं काय ते सांगते. एक ओढा होता, उतरायचं, पाण्यातून जायचं, समोरच्या काठावर चढायचं. मी काठावर नियमाप्रमाणे गाडी पूर्ण थांबवली, क्लच दाबला, न्यूट्रल केलं, नॉब फोर-लोवर फिरवला. डॅशबोर्डवर हिरवा लाइट ब्लिंक व्हायला लागला. तो स्थिर झाला की फोर-लो लागलं असं तुमच्याच मॅन्युअलमध्ये आहे. तो स्थिर झालाच नाही. परत टू-हायवर, म्हणजे टू-व्हील ड्राइव्हवर, आणलं, परत फिरवलं, थोडी पुढे थोडी मागे घेऊन बघितलं, ब्लिंक ब्लिंक ब्लिंक. तिकडे घड्याळ चालू. शेवटी फोर-हाय तरी लागेल म्हणून बघितलं तर तेही नाही, आणि गाडी मागच्याच चाकांवर राहिली. उताराला कशीबशी उतरली पण चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि लाल माती खणत खाली बसली. पुढची चाकं नुसती उभी, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं फिरायला. मार्शलने शिट्टी मारली. दिराने त्याच्या जुन्या गाडीने रोप लावून आम्हाला बाहेर काढलं. आमच्या गाडीला त्या टप्प्यात डीएनएफ, म्हणजे टप्पा पूर्ण केला नाही असा शेरा, आणि पॉइंट एकत्र असल्याने त्याची पण मेहनत वाया गेली. पहिल्या दिवशी टीम चांगली वर होती. नणंद वर्षभर रोड बुक वाचायची प्रॅक्टिस करत होती हो, तिचं तोंड बघवत नव्हतं.

आता त्या फोनबद्दल, कारण मला खरा राग त्याचा आहे.

मी म्हटलं क्लेम का रिजेक्ट झाला. तो म्हणाला, "गाडी कोण चालवत होतं?" मी म्हटलं मी. तो म्हणाला, "नाही मॅडम, ऑफरोडला कोण चालवत होतं?" मी म्हटलं ऑफरोडला पण मीच. मग थोडा वेळ काही नाही. मग, "सर असतील तर सरांना फोन देता का, थोडं टेक्निकल आहे". सर कोण? गाडी माझ्या नावावर, लोन माझ्या पगारातून जातं, आरसी माझी, क्लेम माझा, आणि माझे मिस्टर त्या दिवशी घरी मुलाचा अभ्यास घेत होते, त्यांना फोर-लो आणि फोर-हायमधला फरक पण मीच सांगितलाय. मी शांतपणे म्हटलं तुम्ही मला सांगा, मला कळतं. तर तो म्हणाला, "मॅडम काय होतं, लेडीजना नॉब फिरवताना कधीकधी क्लच पूर्ण दाबला जात नाही". मी म्हटलं तुमच्याकडे व्हिडिओ आहे, डॅशबोर्डचा आणि पायाचा, नणंदेने काढलेला, मी ईमेल केलाय, त्यात क्लच तळाला दाबलेला दिसतोय. तो म्हणाला, "हो व्हिडिओ बघितला, पण मॅडम त्यात गाडीला चिखल दिसतोय". चिखल दिसतोय! ऑफरोडच्या व्हिडिओत! मी विचारलं मग चिखलात न्यायची नाही तर फोर-व्हील ड्राइव्ह कशासाठी दिलंय? यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी शब्दशः लिहितेय, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, "ते सेफ्टी फीचर आहे मॅडम, ते वापरायलाच पाहिजे असं काही नाही".

लाख-दीड लाख रुपये जास्त मोजले मी त्या व्हेरिअंटसाठी. टू-व्हील ड्राइव्हचं मॉडेल शोरूममध्ये शेजारी उभं होतं. ते वापरायचं नाही हे तुमच्या सेल्सच्या माणसाने तेव्हा का नाही सांगितलं? तेव्हा तर टीव्हीवर तुमची गाडी नदी पार करत होती आणि ब्रोशरमध्ये वेडिंग डेप्थ, म्हणजे गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते ते, ५०० मिलिमीटर छापलंय. कुकर विकायचा आणि त्यात डाळ शिजवली म्हणून गॅरंटी रद्द करायची, असा प्रकार आहे हा.

आणि लेडीजचा क्लच दाबला जात नाही हे उत्तर कंपनीचं अधिकृत म्हणणं असेल तर तसं लेटरहेडवर द्या. मी ते जपून ठेवीन आणि जिथे दाखवायचं तिथे दाखवीन.

आता पाण्याबद्दल. सर्व्हिस सेंटर म्हणतं मोटरच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलंय. ओढ्यातलं पाणी चाकाच्या मधल्या टोपीच्या खाली होतं, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, तुमच्या ५०० मिलिमीटरच्या बरंच खाली. एवढ्या पाण्याने कनेक्टर भिजत असेल तर सील खराब आहे, आणि सील खराब असेल तर तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट आहे. पुण्यात पावसाळ्यात साध्या रस्त्यावर एवढं पाणी साचतं. आणि पाणी रॅलीत गेलं म्हणता तर उन्हाळ्यात, एक थेंब पाऊस नसताना लाइट ब्लिंक का होत होता? परत सांगते, जॉब कार्ड बघा. जॉब कार्ड रॅलीच्या आधीचं आहे. याच्यावर तुमच्यापैकी एकानेही आजपर्यंत एक शब्द बोललेला नाही.

स्कॅन रिपोर्ट मागितला तर "इंटर्नल डॉक्युमेंट आहे" म्हणतात. गाडी माझी, फॉल्ट माझ्या गाडीचा आणि रिपोर्ट तुमचा इंटर्नल? त्यात जुना फॉल्ट कोड साठवलेला दिसला तर तुमचं रॅलीचं कारण तिथेच संपतं, म्हणून देत नसाल तर तसं स्पष्ट सांगा. वॉरंटीत बसत नाही म्हणून हातात दिलेलं एस्टिमेट ७८ हजारांचं आहे. मी ते भरणार नाही.

मला काय पाहिजे ते लिहिते. मोटर आणि कनेक्टर वॉरंटीत बदलून द्या, नंतर चढावर ट्रायल माझ्यासमोर घ्या, सपाट फरशीवर नको. स्कॅन रिपोर्टची कॉपी द्या. त्या फोनबद्दल लेखी माफी, मला आणि माझ्या नणंदेला, कारण ती स्पीकरवर सगळं ऐकत होती. आणि डीलर ओनर्सना जे इव्हेंट पाठवतो त्यात भाग घेतला तर वॉरंटी राहते की जाते हे सगळ्या ओनर्सना लेखी कळवा. आमच्या ग्रुपवर पुढच्या रॅलीची जाहिरात परवाच आलीय, टोप्या याही वेळी आहेत म्हणे, तिथल्या लोकांना हे माहिती असायला पाहिजे.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार जाईल. त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते तिथे केस करता येते, ५० लाखांपर्यंतच्या केसेस जिल्ह्यातच चालतात आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतात, तुमच्या मुख्यालयाच्या गावाला मला यायची गरज नाही. तुमच्या नदी पार करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी करणार आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वकिलांशी बोलणं झालंय.

आधीची गाडी पण तुमचीच होती. ती आम्ही लाडाने वापरली, विकताना सासरे गॅरेजवाल्याला सांगत होते की सांभाळून ठेव. दिराला मीच तुमची नवीन गाडी घे म्हणून मागे लागले होते, त्याने बुकिंगचा विचार पण केला होता. तो विचार आता त्याने सोडलाय, आणि मी त्याला थांबवलेलं नाही.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करायचाच असेल तर माझ्या नंबरवर करा, मिस्टरांचा नंबर कोणाकडून तरी घेऊन काल त्यांना फोन केलात तसं परत करू नका. आणि तो माणूस नको, वॉरंटी विभागातलं ज्याने जॉब कार्ड वाचलंय असं कोणीतरी.

जोडलेली कागदपत्रं: उन्हाळ्यातलं जॉब कार्ड, एस्टिमेट, डॅशबोर्डचा व्हिडिओ, ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, स्टार्टच्या कमानीचा फोटो.