आठ रविवार

नाशिक,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आज रविवार असून मी आले नाही. आई दोनदा दारापर्यंत जाऊन आली असेल आणि बाबा, तुम्ही "येईल, गाडी चुकली असेल" म्हणाला असाल. गाडी चुकली नाही, मी निघालेच नाही. काल फोनवर सांगायला घेतलं, तेवढ्यात आई म्हणाली, "उद्या गवार करते गं," आणि पुढचं बोलायला जीभच उचलेना. म्हणून लिहितेय. हे दुपारून सिन्नरला येताहेत, त्यांच्या हाती देते. बाबांनी मोठ्याने वाचावं. आई, मध्ये बोलू नकोस, आधी पूर्ण ऐक.

२३ नोव्हेंबरला माझी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आहे. फॉर्म भरला, फीही भरली. आजचा आणि परीक्षेचा धरून आठ रविवार आहेत आणि ते आठही मी अभ्यासाला ठेवलेत. दिवाळीत पूर्ण सुट्टीभर येणं होणार नाही. पाडवा आणि भाऊबीज, असे दोन दिवस येईन, दादा-वहिनीही तेव्हाच येताहेत. आणि आई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करू. डॉक्टरांना मी तीन वेळा विचारलं. दोन महिन्यांनी काही बिघडत नाही असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय, नाहीतर मी परीक्षा सोडली असती. ऑपरेशननंतर थेंब घालायला मीच हवी, दुसऱ्या कुणाच्या हातून तू घालून घेणार नाहीस, हे मला माहीत आहे.

बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही चिडलात ते माझ्या मनातून जात नाही. "एकोणीस वर्षं मुलं शिकवली, आता हिची परीक्षा घेणार?" असं म्हणून तुम्ही ताटावरून उठलात. तुमचा राग माझ्यासाठी होता, कळतं मला. पण १ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे त्या सगळ्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावंच लागणार आहे. मी २००६ साली तीन हजारांवर शिक्षणसेवक म्हणून लागले तेव्हा ही परीक्षाच नव्हती. आपल्या राज्यात ती पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१३ मध्ये. माझी अजून सतरा वर्षं आहेत. संघटनेतले काही जण म्हणतात थांबा, तोडगा निघेल. निघाला तर चांगलंच. पण तोडग्याची वाट बघत दोन वर्षं छातीवर दगड घेऊन वर्गात उभं राहणं मला जमणार नाही.

"दोन वर्षं आहेत तर आत्ताच घाई का?" हे तुम्ही विचारणार. त्याचं खरं उत्तर मी कुणालाच दिलेलं नाही, तुम्हाला देते.

पेपर दीडशे मार्कांचा, अडीच तासांचा, पास व्हायला नव्वद हवेत. बालमानसशास्त्र, मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस. अभ्यासाला वेळ कुठून काढायचा, हाच प्रश्न होता. कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास लिहिलेत आणि त्यात पाठाची तयारीही धरलेली आहे. पण तयारीच्या त्या जागेत पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि 'आजच्या आज पाठवा' अशा याद्या येऊन बसल्यात. नव्या शैक्षणिक धोरणाने वर्षाला ५० तास शिक्षकाने स्वतः शिकायचं ठरवलंय. मला ते मनापासून पटतं. पण आमची शाळा द्विशिक्षकी. शिक्षण परिषद असो की गटसाधन केंद्रातलं प्रशिक्षण, एक जण गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. मग दीक्षा या सरकारी अ‍ॅपवरचे कोर्स आम्ही रात्री कणिक मळताना कानात लावायचो. शेवटची प्रश्नावली सोडवली की प्रमाणपत्र मिळायचं. त्यातलं किती डोक्यात राहिलं हे तुम्ही विचारू नका.

सकाळी पेठ रोडच्या बसमध्ये वाचते, पण रामशेज मागे पडून वळणं लागली की मळमळतं. घरी आल्यावर स्वयंपाक, मग इंग्रजी. ते तुमचा नातू शिकवतो. आठवीतला पोरगा मला 'इन' आणि 'अ‍ॅट' समजावतो आणि चुकले की तुमच्यासारखाच चष्म्यावरून बघतो.

एवढं करूनही वेळ पुरेना. म्हणून सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी मी सरावाचं पुस्तक शाळेत नेलं. तिसरीला वजाबाकी दिली, चौथीला धडा उतरवून काढायला लावला आणि टेबलावर पुस्तक उघडून बसले. एवढाच एक तास, म्हटलं. तिसरीतली एक मुलगी वही घेऊन आली. मी वाचता वाचताच लाल पेनाने बरोबरची खूण केली. ती उड्या मारत जागेवर गेली आणि शेजारणीला वही दाखवून आली. मधल्या सुट्टीत तीच वही समोर उघडी पडलेली दिसली. ५२ वजा २७, उत्तर ३५. त्यावर माझी खूण. आणि बाबा, मी तेव्हा वाचत काय होते? मुलांच्या चुका शिक्षकाने कशा समजून घ्याव्यात, तो धडा.

दुपारी जेवण गेलं नाही. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, एवढंच डोक्यात घोळत होतं.

शनिवारी तिला जवळ घेऊन विचारलं, "हे कसं केलंस गं?" ती म्हणाली, "बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन काढले." किती सरळ विचार केला होता तिने! एकोणीस वर्षांत हे उत्तर मी शेकडो वह्यांत पाहिलं असेल. दर वेळी फुली मारून 'हातचा घे' एवढंच सांगितलं, कसं केलंस म्हणून कधी विचारलं नाही. मग खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहाच्या पाच जुड्या रबर लावून आणि दोन सुट्या. म्हटलं, मला सत्तावीस दे. तिने दोन जुड्या दिल्या, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जुड्यांकडे. मग हळूच एका जुडीचं रबर काढलं. ते रबर मनगटात घालून तिने आणखी पाच काड्या मोजून माझ्या हातात ठेवल्या. उरल्या पंचवीस. आई, तुझ्या एका बंडलातल्या विड्या!

मला त्या क्षणी तूच दिसलीस गं. मांडीवर सूप, भिजवलेली पानं, आणि मुकादमाने खराब विड्या बाजूला काढल्या की हजाराचा हिशेब भरायला बांधलेलं बंडल सोडून पुन्हा मोजणारी. मी मोजायला शिकले ते तुझ्याच बंडलांवर, शाळेत नव्हे.

म्हणून ठरवलं की पुस्तक शाळेत न्यायचं नाही. शाळेतला वेळ त्या मुलांचा, त्यांना तो पुन्हा मिळणार नाही. मग वेळ घ्यायचा कुणाचा? लेकाचा थोडा घेतला, यांचा घेतला आणि राहिलेला सगळा तुमचा घेतला. तुमच्याकडून मागावा लागत नाही म्हणून तुमचाच सगळ्यात जास्त घेतला. हेच लिहायला सकाळपासून बसलेय.

बाबा, तुम्ही शाळेतलं शिकवणं सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होतात तेव्हा मी तिसरी-चौथीत असेन. विद्यापीठ निघून तेव्हा चारच वर्षं झाली होती. पुस्तकांचा गठ्ठा आला त्या दिवशी तुम्ही हात धुऊन तो सोडलात. पुढच्या खोलीत एकच दिवा. त्याच्या एका बाजूला तुमचं पुस्तक, दुसऱ्या बाजूला आईचं सूप, मध्ये मी. उजेड तुमच्याकडे यावा म्हणून आई दाराकडे सरकायची, तरी विड्या तेवढ्याच व्हायच्या. मी विचारलं होतं, "बाबा, तुम्ही नापास झालात तर?" तुम्ही म्हणालात, "झालो तर उद्यापासून तुझ्या बाकावर येऊन बसेन." मी खरंच दुसऱ्या दिवशी सरकून जागा ठेवली होती. तुम्ही कधी पुस्तक शाळेत नेलं नाही, हे आईकडून कळलं, तेही मी नोकरीला लागल्यावर.

आता मी सांगते तसं वागायचं, वाद घालायचा नाही.

डब्याचं सांगून ठेवलंय. शेजारच्या काकू पोळ्या आणि एक भाजी देतील. आई, त्यांची भाजी तिखट लागली तर नाव ठेवू नकोस, वरून दही घे. गोळ्यांची नवी डबी यांच्याबरोबर पाठवतेय. सकाळची पांढरी बाजू, रात्रीची निळी. बाबा, साखर दर पंधरा दिवसांनी तपासायची आणि आकडा मला खरा सांगायचा, मागच्यासारखा कमी करून नाही. उद्या कोजागरी आहे. दूध अर्धी वाटी, बिनसाखरेचं, आणि गच्चीवर चढायचं नाही, चंद्र अंगणातूनही दिसतो. न्हाणीघरात रबरी चटई टाकायला यांना सांगितलंय. ती सरकते म्हणून उचलून ठेवू नका.

आई, तुझा बेत मी ओळखते. अर्धं तिकीट आहे म्हणून गवारीचा डबा घेऊन एकटी एसटीत बसायचं नाही. द्वारका चौकात धडधाकट माणसाला रस्ता ओलांडता येत नाही, तुला तर एका डोळ्याने धूसर दिसतं. फारच आठवण आली तर रात्री साडेआठला फोन कर. त्या वेळी मी पुस्तक मिटून तुमच्याच फोनची वाट बघत असेन. अभ्यासात व्यत्यय येईल म्हणून करायचं टाळू नकोस. तू टाळलंस तर मला अक्षर दिसणार नाही.

बाबा, एक मागणं आहे. गणिताचे तीस मार्क मला पूर्ण हवेत. तुमच्याकडे ती जुनी वही असेल, निळ्या पुठ्ठ्याची, काळ-काम-वेगाची उदाहरणं तुमच्या हाताने सोडवलेली. माळ्यावरच्या ट्रंकेत वरच असेल, पण स्वतः स्टुलावर चढू नका, यांना काढायला सांगा. रोज रात्री एक उदाहरण फोनवर घाला मला. चुकले तर रागवा. मला आवडेल.

गवार केलीच असेल तर ती यांच्या डब्यात दे गं आई. कूट जरा जास्त घाल.

तुमची,
बेबी