बाबा, चौदावं वचन काढा

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

फोनवर बाबा ‘बरं चाललंय’ म्हणून विषय मिटवतात, म्हणून लिहितेय. एक तारखेपासून रात्री मुक्कामाला एक बाई येतील. ठरलंय, दोन महिन्यांचे पैसेही देऊन झालेत. रागावू नका. म्हणजे रागवा, पण त्यांना परत पाठवू नका.

बाबा, तुम्ही पहाटे न्हाणीत पडलात आणि आईची झोप मोडू नये म्हणून दीड तास ओल्या फरशीवर बसून राहिलात. मला चौथ्या दिवशी कळलं, तेही आईच्या तोंडून निसटलं म्हणून.

आई, त्या बाई तुझ्या स्वयंपाकघरात हात घालणार नाहीत. मिसळणाचा डबा तुझा, पहाटेचा आल्याचा चहा तुझ्याच हातचा. बाबांची खुर्ची खिडकीपाशीच राहील. बाई बाहेरच्या खोलीत झोपतील, हाक मारली तरच आत येतील.

‘प्रभू आहे ना, माणसं कशाला?’ हे तुमचं उत्तर मला पाठ आहे.

त्या जूननंतर मी चर्चच्या मंडळीत येणं सोडलं. तुम्ही दोघांनी कधी कारण विचारलं नाहीत, उपकारच केलेत. त्या दिवसांत मी रोमन काळातले स्टोइक तत्त्वज्ञ वाचत होते. एपिक्टेटस जन्माने गुलाम, पायाने अधू. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, इथूनच त्याची शिकवण सुरू होते. मार्कस ऑरेलियस सम्राट, पण तोही स्वतःची समजूत घालायला वही लिहायचा. मीही घातली तशी वही. खोटं कशाला बोलू, चार वर्षं त्या वहीनेच मला सकाळी उठवून कामाला पाठवलं. त्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. त्यांचं म्हणणं मला इतक्या लवकर पटलं, ते तुमच्यामुळे, बाबा. त्या दिवशी सगळे गेल्यावर तुम्ही अंगणातल्या खुर्च्या मोजून एकावर एक रचत होतात. मी दारातून बघत होते.

पण एपिक्टेटसचं एक सांगणं माझ्या गळ्याखाली उतरेना. लेकराचा मुका घेताना मनाशी म्हणावं, हे मर्त्य आहे. म्हणजे ते गेलं तर तू ढळणार नाहीस. मी पुस्तक मिटलं. आठवलं ते शब्बाथ शाळेतलं सगळ्यात छोटं वचन, ‘येशू रडला’. (पाठांतर झालं नसलं की आम्ही सगळे तेच म्हणायचो, आणि आई, तू डोळे वटारायचीस.) मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. मन आवरायला शिकवणारे मला पुष्कळ भेटले होते. मला असा कुणीतरी हवा होता.

मग बायबलमधला प्रेषित पौल पुन्हा वाचला. करिंथात त्याला ज्या रोमन अधिकाऱ्यापुढे, गल्लियोपुढे, उभं केलं, तो स्टोइक सेनेकाचा सख्खा भाऊ. फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासातून पत्र लिहिताना, आहे त्या स्थितीत राहायला मी शिकलोय असं पौल म्हणतो, तिथला ग्रीक शब्दही स्टोइकांच्याच वापरातला, ज्याचं त्याला पुरतं अशा अर्थाचा. पण दोनच वचनांनंतर सांगतो, बळ देणारा दुसरा आहे. आणि लगेच पुढच्या, चौदाव्या वचनात, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत, अशी मदतीची पोचही देतो. बाबा, तेरावं वचन तुम्ही चौकट करून भिंतीवर लावलंय. चौदावं काढून बघा.

आई, छत उकरून येशूपुढे उतरवलेल्या पक्षाघाती माणसाची गोष्ट सांगताना तू गावच्या धाब्याच्या घराचं माळवद दाखवायचीस, ‘अस्संच उकरलं बरं चौघांनी.’ रात्री माती पडेल म्हणून मी तोंडावर गोधडी ओढून बाबांच्या कुशीत शिरायचे. त्या गोष्टीत आजारी माणूस एक शब्द बोलत नाही. नुसता खाटेवर पडून चौघांना उचलू देतो. बाबा, तुम्ही आयुष्यभर खाटेचा कोपरा धरणाऱ्यांतले. दुसऱ्या बाजूला जाणं तुम्हाला किती जड जातंय, कळतं मला.

मागच्या रविवारी मी प्रभुभोजन घेतलं. सहा वर्षांनी. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती, आणि मीही. ती वही मात्र टाकलेली नाही.

आता ऐका. मंगळवारी न्हाणीत धरायचे दांडे बसवायला माणूस येईल, दार उघडा. फोन उशाशी ठेवायचा, कपाटात नाही. लोणचं बंद म्हणजे बंद, आई, ‘एवढीशी फोड’सुद्धा नाही. रात्री उठायचं झालं तर आधी दिवा, मग हाक, मग पाय खाली. हाक मोठ्याने मारा, बाबा. मला मारायचात तशी, संध्याकाळी, फाटकातून.

तुमची,
धाकटी