ईस्टरचं पान सोडण्याआधी

दादर, मुंबई

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ईस्टरच्या पुरवणीचा तुझा मसुदा वाचला. भाषा सरळ आहे, पण 'येशूचा पुनर्जन्म' असं लिहिलं आहेस, ते आधी काढ. वसईतल्या वाचकाच्या हातात हे पान गेलं तर दुसऱ्या दिवशी संपादकांच्या टेबलावर पत्र येईल आणि ते रास्तच असेल. पुनर्जन्मात देह सुटतो, जीव नवा देह घेतो, आधीचं नावगाव मागे राहतं. ईस्टरचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. तोच येशू, तोच देह, हातांवर खिळ्यांचे व्रणसुद्धा तसेच. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला ते व्रण दाखवले आहेत. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, कारण त्यांना वाटलं होतं की समोर भूत उभं आहे. मराठी बायबलात यासाठी 'पुनरुत्थान' हा शब्द रुळलेला आहे, तोच ठेव.

'सावित्री ही आपली ईस्टरकथा' ही चौकट आकर्षक आहे खरी, पण टिकणारी नाही. सावित्रीनं यमाकडून सत्यवान परत आणला, शुक्राचार्यांनी संजीवनी विद्येनं कचाला तीनदा उठवलं. नेवाशात ज्ञानेश्वरांनी सच्चिदानंदबाबांना उठवलं आणि तेच पुढे ज्ञानेश्वरीचे लेखनिक झाले, असं परंपरा सांगते. हे सगळं जीवदान. जुनंच आयुष्य पुढे चालू झालं आणि यथाकाळ मरण होतंच. बायबलातही अशा कथा आहेत. येशूनं उठवलेला लाजर चार दिवस कबरेत होता, शिवाय याईराची मुलगी आणि नाईन गावच्या विधवेचा मुलगा. तुला तुलना करायचीच असेल तर सावित्रीशेजारी लाजरला बसव. येशूबद्दल प्रेषित पौल बायबलातल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगतो की तो आता पुन्हा मरत नाही. सगळा फरक तिथे आहे.

'तीन दिवसांनी' हेही बदल. शुक्रवारी दुपारी मृत्यू, रविवारी पहाटे कबर रिकामी. तास मोजलेस तर दोन दिवसही भरत नाहीत. मोजणी पहिला दिवस धरून आहे, आपण दहावा-तेरावा मोजतो तशी. म्हणून 'तिसऱ्या दिवशी'. आणि 'कबर फोडून येशू बाहेर आला' ही सुरुवात चित्रकारांची आहे, शुभवर्तमानांची नाही. उठण्याचा क्षण चारही शुभवर्तमानांत कुणी पाहिलेला नाही. बाजूला सारलेली धोंड, कबरेतली कापडं आणि पहाटे तिथे गेलेल्या बायका, एवढंच मिळतं. तेवढ्यावर लिहिलंस तरी मजकूर जोरदार होईल.

मुंबईचं पान आहे, तर शेजाऱ्यांनाही जागा दे. मेलेले उठतील ही श्रद्धा एकट्या ख्रिस्ती लोकांची नाही. मराठी बोलणारे बेने इस्रायली ज्यू ज्या प्रार्थना म्हणतात त्यांत देवाला मृतांना जिवंत करणारा म्हटलंय. पारशी धर्मग्रंथांत जगाच्या शेवटी मृत उठण्याला रिस्ताखेज म्हणतात. कुराणाचा ७५वा सूरा, म्हणजे अध्याय, कयामतीवरच आहे. हाडं पुन्हा कशी जुळतील असं विचारणाऱ्याला तिथे उत्तर मिळतं, बोटांची टोकंसुद्धा जुळवू. फक्त या तिन्ही धर्मांत हे सगळ्यांचं उठणं आहे आणि ते शेवटी व्हायचं आहे; ईस्टर म्हणजे एकाचं उठणं आधीच झालं अशी श्रद्धा. चौकटीत एवढं वाक्य आलंच पाहिजे.

रोजच्या बोलण्यातलं मात्र सोवळं करू नकोस. लोकलखाली येता येता वाचलेला माणूस 'पुनर्जन्मच झाला' म्हणाला तर अवतरणात तसंच छाप. मिठी नदीला पुनरुज्जीवन, देवळाला जीर्णोद्धार आणि चाळीला पुनर्विकास, ही वाटणी मुंबईनं केव्हाच करून टाकली आहे. 'फिनिक्स भरारी' तेवढी वाचकांवर दया म्हणून वगळ. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीचा मॉल झाल्यापासून मथळे देणाऱ्यांना त्या पक्ष्यानं झपाटलंय. आणि 'मृत्यूनंतर वीस मिनिटांनी जिवंत' असा मथळा कधीही देऊ नकोस. छाती दाबून सुरू होतं ते थांबलेलं हृदय. 'बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू' असं लिही.

गुड फ्रायडेला शुभेच्छा छापायच्या नाहीत. तो मृत्यूचा दिवस. दरवर्षी कुणीतरी जाहिरात घेऊन येतंच, तेव्हा जाहिरात विभागाला आत्ताच सांगून ठेव. तारीखही मागच्या वर्षीवरून उचलू नकोस. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये फिरतो. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, त्यामुळे आपल्या पंचांगाशी ताडून वाद घालू नकोस. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च.

छायाचित्रकाराला रविवारी सकाळी नव्हे, शनिवारी रात्री पाठव. जागरणाचा विधी अंधार पडल्यावरच सुरू होतो. नेमकी वेळ त्या चर्चमध्ये फोन करून विचार. सुरुवात चर्चबाहेर, पेटवलेल्या अग्नीपाशी. उशिरा पोचला तर तेच हुकतं. तिथे मोठ्या पास्का, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवर फादर क्रूस कोरतात, वर अल्फा, खाली ओमेगा ही ग्रीकमधली पहिली आणि शेवटची अक्षरं, क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार अंक, आणि त्यात धूपाचे पाच दाणे, येशूच्या पाच जखमांसाठी. ती नव्या अग्नीवर पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात, वाटेत तीनदा 'ख्रिस्ताचा प्रकाश' असा घोष होतो, आणि लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या एकीवरून दुसरी अशा लागत जातात. फ्लॅश वापरला की चित्र मेलंच. मग बायबलच्या जुन्या करारातली वाचनं असतात. ती लांबतात, तेवढ्यात त्यानं चहा घेऊन यावं, पण ग्लोरिया हे स्तुतिगीत सुरू व्हायच्या आत परतावं. गुरुवारच्या ग्लोरियानंतर गप्प असलेल्या घंटा तेव्हा वाजतात.

तो नाहीच गेला आणि संग्रहातला फोटो लावायची पाळी आली, तर मेणबत्तीवरचे अंक आधी वाच. जुनं साल लगेच पकडलं जातं.

तुझा,
बाबा