कोरफडीच्या क्रीमचे ‘तीन महिने’

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी नैसर्गिक क्रीम करण्याची कृती वाचली. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, खोबरेल, ‘ई’ जीवनसत्त्वाची एक कॅप्सूल आणि चमचाभर लिंबाचा रस. सगळं मिक्सरमधून फिरवा, बरणीत भरा, ‘तीन महिने आरामात टिकतं आणि एकही केमिकल नाही’. लिंबाकडे मी नंतर येते. आधी ते तीन महिने.

मी सत्तावीस वर्षं एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. बाटली दिसली की तिच्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी डकवायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आणि त्या चिठ्ठीमुळेच मला माझ्या स्वतःच्या क्रीमचं आयुष्य नेमकं ठाऊक आहे: नऊ दिवस.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच थंडीत हात फुटले आणि वेळही हाताशी होता, म्हणून मीही जवळपास असंच क्रीम केलं. एक डबी मला, एक धाकट्या जावेला. नवव्या दिवशी माझ्या डबीच्या झाकणाच्या आतल्या कडेला करडे ठिपके दिसले. लगेच तिला फोन केला. ती म्हणाली, “ताई, माझं मस्त आहे. वाससुद्धा येत नाही. मी रोज चेहऱ्याला लावतेय.” मला जास्त धास्ती त्याचीच वाटली. बुरशी निदान डोळ्यांना दिसते. जिवाणू लाखांनी वाढले तरी क्रीम पांढरंशुभ्र आणि सुवासिक राहू शकतं. आणि फुटलेल्या, चिरा पडलेल्या त्वचेवर तेच आपण बोटाने चोळत असतो. दिलेली भेट परत मागायची वेळ माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा आली.

यात कोरफडीचा दोष नाही, दोष पाण्याचा. तेलाची बाटली कपाटात महिनोन्‌महिने राहते, कारण तिच्यात पाणी नसतं आणि पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. तेल फार तर खवट होतं. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, वर त्यात साखरेच्या जातीची द्रव्यं, गुलाबपाणीही पाणीच. त्यात रोज बोट बुडवायचं, म्हणजे जंतूंना घर दिलं, जेवण दिलं आणि वर पाहुणेही आणून सोडले.

‘पण ई जीवनसत्त्व घातलंय ना?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. जंतूंचं ते काहीही वाकडं करत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्या लेखात ती एकच समजली गेली आहेत. पाणी असलेलं क्रीम टिकवायचं तर परिरक्षक, म्हणजे जंतूंना वाढू न देणारा प्रिझर्वेटिव्ह, हवाच. उदाहरणार्थ फिनॉक्सीइथेनॉल शंभर ग्रॅम क्रीमला जास्तीत जास्त १ ग्रॅम चालतं, आणि बुरशी आवरायला बहुधा जोडीला आणखी काही लागतं. हे चमच्याने नाही, काट्यावर तोलून घालायचं असतं. ते नको असेल तर एका आठवड्यापुरतंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि उरलेलं निर्दयपणे टाकून द्या. ‘केमिकल नको’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की पाण्याला तुम्ही काय म्हणता?

दुसरं म्हणजे ती कृती मुळात क्रीम होतच नाही. तेल आणि पाणी मिक्सरमध्ये कितीही घुसळलं तरी ते दोघं आपापल्या वाटेने जातात. त्यांना बांधून ठेवणारा मध्यस्थ, म्हणजे पायसीकारक, लागतो. पुष्कळांना वाटतं मधमाश्यांचं मेण ते काम करतं. मलाही वाटलं होतं. रात्री छान घट्ट झालेल्या मलमाला सकाळी घाम फुटलेला होता, वर गुलाबपाण्याचे थेंब. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी असंच घोटायचा, आणि त्याचंही पाणी सुटायचं. पुढे लोकांनी त्यात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, घातला, तेव्हा मेणातल्या आम्लांचा साबण होऊन ते एकजीव राहू लागलं. मी मात्र टाकणखार घालत नाही. तो फुटलेल्या त्वचेवर आणि लहान मुलांना लावू नये, आणि माझ्या घरी नेमके हेच दोन गिऱ्हाईक आहेत.

म्हणून गेली काही वर्षं मी पाणीच घालत नाही. १५ ग्रॅम मधमाश्यांचं मेण, ८५ ग्रॅम बदामाचं तेल. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. मेण ६५ अंशांच्या आत वितळतं, थेट आचेवर ठेवायची गरज नाही. थंड चमच्यावर एक थेंब टाकून बघायचा: फार कडक वाटला तर तेल, पातळ वाटला तर मेण. आच बंद केल्यावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालायची. इथे तिला खरं काम आहे. डबी आणि चमचा कोरडे ठणठणीत हवेत. एकदा माझ्या ओल्या चमच्याने अख्खा घाणा वाया गेला. नीट केलेलं हे मलम कित्येक महिने राहतं. खवट वास आला की संपलं.

आता ‘मॉइश्चर’ कुठून येणार, असं कुणी विचारेल. अंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं न करता, ओलसर असतानाच वाटाण्याएवढं मलम तळहातावर चोळून लावायचं. ओलावा त्वचेवर असतोच, मलम त्याला उडून जाऊ देत नाही. हो, ते चिकट लागतं. क्रीमसारखं जिरत नाही. हाताला आणि टाचांना मला ते क्रीमपेक्षा आवडतं, चेहऱ्याला नाही. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी एक ओळ दुरुस्ती छापावी: ‘त्या क्रीमची मुदत तीन महिने नसून फ्रिजमध्ये जेमतेम एक आठवडा आहे.’ लेख वाचून ज्यांनी बरण्या भरल्या असतील, त्यांच्यापर्यंत ती पोहोचेल.

आपली,
एक जुनी वाचक

ता.क. लिंबाचं राहिलंच. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फारच आंबट असतो, फुटलेल्या हातांना तो झोंबतो. शिवाय लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की ती अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, फोड येऊ शकतात आणि मागे राहणारे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. दुरुस्तीच्या ओळीत जागा असेल तर तो चमचाही वगळावा.