सुध्यास, पोरीच्या डॉक्युमेंटरीबद्दल

पुणे, रविवार

प्रिय सुध्या,

पोरीला ऊसतोड बायकांवर डॉक्युमेंटरी करायची आहे, एवढंच सांगून परवा फोनवर तू अर्धवटच बोललास. वहिनी शेजारी असणार हे ओळखलं, म्हणून सविस्तर लिहितोय. हे पत्र पोरीला दाखवलंस तरी चालेल.

"यात पोट भरतं का?" हा तुझा पहिला प्रश्न. डॉक्युमेंटरीवर नाही भरत. माझं एडिटिंगवर भरलं, आणि त्यातही बराचसा पैसा कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे समाजकार्याच्या) फिल्मांचा आणि ट्रेनिंग व्हिडिओंचा. सामाजिक विषयांवरच्या ज्या फिल्मांना मी मनापासून हात लावला, त्यांनी घराचा हप्ता कधीच भरला नाही. डॉक्युमेंटरी काढणारं १९४८ पासूनचं सरकारी फिल्म्स डिव्हिजन होतं, तेही २०२२ मध्ये एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन झालं. आता परदेशी फंड, त्यासाठी प्रपोजल, मग चार अनोळखी लोकांपुढे पिच, म्हणजे आपली कल्पना पटवून देणं. तिथे इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्याचं लवकर जमतं, अंबाजोगाईच्या पोरीचं उशिरा. हे तिला आधीच सांगून ठेव.

पण तुझ्या बोलण्यात मला खटकलं ते वेगळंच. "सहा महिन्यांत एक फिल्म करून बघू दे" असं तू म्हणालास. सहा महिन्यांत शूटिंग होतं रे. या धंद्यातलं मुख्य काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

डॉक्युमेंटरीवाले आनंद पटवर्धन, त्यांचंच घे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली, लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरच्या आधीच्या फिल्ममध्ये घोगरेंनी गाणं म्हटलेलं, म्हणजे माणूस ओळखीतला. पटवर्धन कॅमेरा घेऊन निघाले, आणि 'जय भीम कॉम्रेड' ही फिल्म पुरी व्हायला चौदा वर्षं लागली. मधे २००९ साली गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप झाली. पुण्याच्या कबीर कला मंचाची गाणारी पोरं फिल्ममध्ये आली, आणि फिल्म संपता संपता त्यांच्यातले काही जण भूमिगत झाले. आता सांग, १९९८ मध्येच 'झालं शूटिंग' म्हणून एडिटला बसले असते तर हातात काय आलं असतं? एका गोळीबाराचा अहवाल. तो वर्तमानपत्रांत येऊन गेलेलाच होता.

हे त्यांना जमलं, कारण बहुतेक वेळा कॅमेराही स्वतःच धरतात आणि एडिटही स्वतःच करतात. रोजावर युनिट ठेवलं असतं तर चौदा महिनेही निघाले नसते. पोरीला म्हणावं, दोन्ही शीक, आणि आवाज तर आधी शीक. चित्र हललेलं चालतं, आवाज गेला की बघणारा माणूसच उठून जातो.

पटवर्धनांचं सगळंच मला पटतं असं समजू नकोस. समोरच्या बाजूच्या माणसाला ते कधी कधी फार पटकन हास्यास्पद करून टाकतात, असं माझं मत आहे. पण फिल्म पुरी झाल्यावर ती लोकांपर्यंत नेण्याची जी चिकाटी त्यांच्याकडे आहे, ती दुसरीकडे क्वचितच दिसते. 'राम के नाम'ला राष्ट्रीय पुरस्कार होता, तरी दूरदर्शनवर यायला कोर्टात जावं लागलं. 'जंग और अमन'मध्ये सेन्सॉरने एकवीस कट सांगितले. ते लढले, आणि २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही कट न देता ती दाखवायला परवानगी दिली. 'विवेक'साठी २०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाचं दार वाजवावं लागलं. आणि हे सगळं चालू असताना वस्त्यांमध्ये, कॉलेजांत पडदा लावून प्रोजेक्टरवर शो सुरूच. करिअर म्हणून बघशील तर यातली कित्येक वर्षं फायली आणि तारखांमध्ये गेलेली आहेत. तुझ्या पोरीला याचा कंटाळा येणार असेल तर आजच कळलेलं बरं.

आता तिचा विषय. ऊसतोड कामगार बायका आणि त्यांची गर्भाशयं काढण्याची ऑपरेशनं. विषय खरा आहे. २०१९ मध्ये सरकारने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीमुळे खाडा नको, खाड्याचा दंड नको, हे त्यातलं एक कारण. डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती हे दुसरं. तू तिथलाच, हे तुला मी काय सांगणार.

पण कॅमेऱ्यासमोर बोललेली बाई पुढच्या वर्षी कोणाकडे उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, मागायला जाणार आहे? मजूर नेणाऱ्या त्याच मुकादमाकडे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, म्हणून उचल तुटली तर घरच बसतं. हा विचार न करता तोंडावर फोकस टाकणारे मी पाहिलेत, आणि त्यांचं फुटेज कापायलाही बसलोय. 'हमारा शहर'मध्ये एक झोपडपट्टीतली बाई पटवर्धनांनाच खडसावते, गरिबांचे फोटो काढून तुम्ही आपलं नाव करता म्हणून. त्यांनी तो भाग फिल्ममध्ये ठेवला, आणि १९८६ मध्ये पाडलेल्या झोपड्यांसाठी शबाना आझमींबरोबर उपोषणालाही बसले. सगळ्यांनी उपोषणाला बसावं असं मी म्हणत नाही. पण ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेल्या 'रायटिंग विथ फायर'बद्दल, जिच्यावर फिल्म होती त्या 'खबर लहरिया' या गावाकडच्या बायकांनी चालवलेल्या वृत्तसंस्थेनेच २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलं की यात आमचं चित्र अपुरं आहे. इतकी गाजलेली फिल्म, तरी हे झालं. म्हणून पोरीने एडिटचा पहिला कट महोत्सवाला पाठवण्याआधी त्या बायकांना दाखवावा, त्यांच्याच गावात, पावसाळ्यात, टोळ्या परतलेल्या असताना.

तेव्हा तिने यंदाचा हंगाम कॅमेरा न काढता टोळीबरोबर काढावा असं मला वाटतं. वहिनींना हे आवडणार नाही, मला ठाऊक आहे. पहाटे थंडीत उसाच्या फडात, रात्री पालात. तुमच्या शाळेतल्या एखाद्या विद्यार्थ्याचे आईबाप जात असतील तर त्यांच्याशी बोल, म्हणजे तिला सुरक्षित राहता येईल. अख्खा हंगाम नाही जमला तर महिनाभर तरी राहू दे. त्यानंतरही तिला फिल्म करायची असेल, तर माझी मशीन, हार्ड डिस्क आणि वरची खोली तिचीच समज. पैशाचं मात्र तुझं तू बघ, माझ्याकडे पेन्शन नाही.

दसरा झाला की टोळ्या हलायला लागतील. ती कुठल्या कारखान्याकडे जाणार ते ठरलं की कळव. सांगली-कोल्हापूरकडे असेल तर एकदा मीही येऊन जाईन. वहिनींना नमस्कार सांग. आणि तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढलास का, तेही लिही.

तुझा,
पक्या