नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे

महोदय,
जळगाव-धुळ्यात निवृत्तीच्या पैशांतून वरचा मजला चढवून तो भाड्याने देणारी कुटुंबे बरीच आहेत. करार मात्र स्टॅम्प पेपरवर नोटरी करून उरकतात. ही जोखीम पाहून जीव तुटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लेखी करार नोंदवणे ही घरमालकाचीच जबाबदारी आहे. नोंदवलेला करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी आता ऑनलाइनही होते. मे महिन्यात गच्चीवरची टाकी कोरडी पडली की टँकरचे पैसे कोणी द्यायचे, हेही करारातच लिहून टाकावे.

– एक वाचक, जळगाव